मागची अर्धी जागा

भोरच्या मुलींच्या शाळेत मी तिसरी शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा भोर संस्थान होतं आणि मी अठ्ठावीस वर्षांची होते. तेराव्या वर्षी मी विधवा झाले. वडिलांनी धीर करून मला पुण्याला शिकवलं, आणि नोकरी लागल्यावर मी भोरला मामेभावाकडे माडीवरच्या खोलीत राहायला आले. तिथे मला कुणी कधी दुखावलं नाही. पण मामेभावाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि वहिनी एके दिवशी माझ्या खोलीत येऊन उगाच खिडकीची लांबीरुंदी बघत उभ्या राहिल्या. मी समजले. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की जागा शोधायला लागले.

एकट्या बाईला जागा मिळत नव्हती. कुणी म्हणे, पाहुणे येणार आहेत. कुणी म्हणे, घरात सोवळंओवळं कडक आहे. एका घरी तर चहा दिला, माझ्या वडिलांची चौकशी केली आणि जागेचं नावच काढलं नाही.

त्या वर्षी मी दर पंधरा दिवसांनी एका म्हाताऱ्या जोडप्याकडे पत्र वाचून दाखवायला जात असे. ते मूळचे हिर्डोशीकडचे शेतकरी. म्हातारे संस्थानच्या कचेरीत शिपाई होते आणि निवृत्त होताना त्यांना गावाबाहेरच्या नव्या वस्तीत घरासाठी जागा मिळाली होती. मी त्यांना मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. त्यांची एकुलती एक मुलगी माझी विद्यार्थिनी. ती चौथी झाली, मग तिचं लग्न झालं आणि ती विंझरला नांदायला गेली. ती तिथून पत्र लिहायची, आणि तिच्या आईवडिलांना वाचता येत नव्हतं. मी वाचायची, मामी चुलीपुढे बसून ऐकायच्या. भाताची लावणी झाली, सासूचा गुडघा दुखतो, धाकट्याला दात आले. मग मामी म्हणायच्या, "आता पुन्यांदा वाचा." मी पुन्हा वाचायची.

एकदा पत्र संपल्यावर मामांनी मला विचारलं की तुमचं तोंड का उतरलंय. मी सांगितलं. ते उठले. परसात जाऊन आले, बहुतेक पावलांनी जागा मोजून आले. मग म्हणाले, "बाई, आमच्या मागं निम्मी जागा मोकळी हाय. गाईचा गोठा आन् एक शेवगा, दुसरं काय न्हाई. तुमी दोन खोल्या बांधा."

मी भाड्याने म्हणत होते. ते म्हणाले, भाड्याने नको, तुमच्या नावावर असू द्या, उद्या आम्ही नसलो तर कुणी उठवायला नको. माझ्याजवळ वडिलांनी ठेवलेलं थोडं सोनं होतं, त्यात काम होण्यासारखं होतं.

आम्हाला वाटलं होतं, कागद केला की झालं. अर्ज घेऊन मी नगरपालिकेत गेले तेव्हा तिथल्या ओव्हरसियरांनी वस्तीचा नकाशा टेबलावर पसरला. भला माणूस होता. त्यांनी बोटाने दाखवलं की या वस्तीत प्रत्येक जागा दोन रंगांत रंगवली आहे. पुढचा अर्धा भाग रहिवासाचा, मागचा अर्धा गुरांचा आणि गवताचा. एका जागेवर एकच घर. जागेचे दोन तुकडे करायचे तर सभेची मंजुरी हवी, मागच्या भागात राहायचं तर त्याचा रंग बदलायला वेगळी मंजुरी हवी. "आणि बाई," ते म्हणाले, "मागच्या तुकड्याला रस्ता कुठाय? तुम्ही काय त्यांच्या स्वयंपाकघरातून ये-जा करणार?"

महिन्याभराने नकार आला. रस्ता नाही, सबब विभागणी नामंजूर.

तो कागद मी मामांना वाचून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि परत दिला. दोन दिवसांनी मी शाळेतून जाताना बघते तर मामा घराच्या उजव्या अंगाची पडवी उतरवत होते. ती पडवी त्यांनी स्वतः बांधलेली. तिच्यात त्यांची बाज होती, औतफाटा होता, दुपारी ते तिथे आडवे व्हायचे. कौलं उतरवून त्यांनी एकावर एक रचून ठेवली होती. मी म्हटलं, मामा, हे काय, अजून काहीच ठरलेलं नाही. ते म्हणाले, "रस्ता मागितलाय न्हवं त्यांनी. हा घ्या रस्ता." पडवी गेल्यावर घराच्या कडेने बैलगाडी जाईल एवढा बोळ मोकळा झाला.

आम्ही दुसरा अर्ज केला. त्यावर हरकत आली ती मामांच्या पुतण्याची. तो हिर्डोशीला घरची शेती बघायचा. चुलत्याला मुलगा नाही, तेव्हा भोरची जागा पुढेमागे आपली, असं तो धरून चालला होता. त्याने लिहून दिलं की चुलता म्हातारा झाला आहे आणि मास्तरीणबाईने त्याला भुलवून जागा काढून घेतली आहे.

हे वाचून मला फार लागलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी मी मामांकडे जाऊन सांगितलं की आपण अर्ज मागे घेऊ, तुमच्या घरात माझ्यापायी भांडण नको.  मामींनी मला आत बोलावलं, पाटावर बसवलं आणि लेकीला पत्र लिहायला सांगितलं. मजकूर एवढाच होता, की नगरपालिकेत जागेचं काम आहे आणि सभेच्या तारखेला तू ये.

सभेच्या दिवशी ती आली. पहाटे मूल कडेवर घेऊन विंझरहून चालत निघाली होती, नसरापूरला सर्व्हिस मोटार मिळाली आणि अकराच्या सुमारास ती धुळीने भरलेल्या पायांनी नगरपालिकेच्या पायरीशी उभी होती. शाळेत असताना ती अंगाने बारकी, बडबडी होती. आता भरली होती, शांत झाली होती. मला बघून ती आधी पाया पडायला वाकली, मी तिला वरच्या वर धरलं आणि मूल घेतलं.

सभेत सहा-सात जण होते. पुतण्या एका बाजूला मान खाली घालून उभा होता. कठोर माणूस नव्हता तो, घाबरलेला होता. सभासदांपैकी एकाने मला विचारलं, की बाई, तुमच्या स्वतःच्या लोकांत जागा नाही का, ही सगळी शेतकऱ्यांची वस्ती. मी म्हणाले, "जागा पुष्कळ आहेत. मला कुणी देत नाही." 

मग अध्यक्षांनी मामांच्या लेकीला विचारलं, की वडिलांच्या मागे या जागेवर तुझा काही हक्क पोचत असेल, तर ही विभागणी तुला मान्य आहे का. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मला विंझरला घर हाय," ती म्हणाली. "मला जागा नको. माझे आई-आबा हितं दोघंच असत्यात. आजारी पडली तर मला कळायला आठ दिस लागत्यात. बाई मागं राहिल्या तर मी तिथं सुखानं झोपंन."

पुतण्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ती दोघं हिर्डोशीला एका ताटात जेवलेली. अध्यक्षांनी त्याला विचारलं, आता तुझं काय म्हणणं. तो म्हणाला, बहिणीची ना नाही तर माझीही ना नाही.

कारकुनाने अंगठ्यासाठी शाईची गादी पुढे सरकवली. तिने ती बाजूला केली आणि टाक मागितला. तिने सावकाश पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याचं आणि सासरचंही. तिच्या आडनावात ळ येतो. शाळेत तो तिला जमत नसे, म्हणून मी पाटीभर गिरवून घेतला होता. तो तिने इतका देखणा काढला की मला मूल सांभाळायचं निमित्त करून खिडकीकडे वळावं लागलं.

मंजुरी मिळाली. पण तिला एक अट होती, आणि ती आम्ही कुणी मनात धरलेली नव्हती. मागचा भाग एकदा रहिवासाचा झाला की त्या जागेत कुठेही गुरं बांधता येणार नाहीत. ओव्हरसियरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दोन्हीकडे माणसं राहणार, मधे गोठा नियमात बसत नाही, माझा इलाज नाही.

मामींची एकच गाय होती, तांबडी, वयाने मोठी. मामी तिच्याशी जितकं बोलायच्या तितकं मामांशीही बोलत नसत. मामांनी दोन दिवस त्यांना हे सांगितलंच नाही. मी तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, कारण मला ते सहन होईना. मामी गोठ्यात शेण भरत होत्या. मी म्हटलं, मामी, मी कागदावर सही केलेली नाही अजून. तुमची गाय राहू द्या. मी कुठेतरी खोली बघेन.

त्या हात धुऊन आल्या. गाईच्या पाठीवरून ओला हात फिरवला.

"गाय लेकीकडं जाईल," त्या म्हणाल्या. "तिथं तिला चरायला डोंगूर हाय. तुमी कुठं जानार?"



चार दिवसांनी जावई गाय न्यायला आले. मामींनी गाईला आदल्या दिवशीची भाकरी गूळ लावून भरवली, कपाळाला कुंकू लावलं. नीरेच्या पुलापर्यंत त्या बरोबर गेल्या. मी तेव्हा शाळेत होते, त्यामुळे हे मला मामांनी नंतर सांगितलं. परत आल्यावर मामींनी गोठा झाडला, उरलेल्या शेणाने सगळी जमीन सारवली, आणि ती वाळेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिल्या. तिथेच पुढे माझ्या पहिल्या खोलीचा पाया खणला गेला.

दिवाळीनंतर मी राहायला गेले. दोन खोल्या, एक ओटा, शेवगा तसाच ठेवलेला. मधे भिंत घालायची मंजुरी होती, पण भिंत कुणी घातली नाही. ओव्हरसियरांनी हद्दीचे दोन दगड मात्र रोवून घेतले, तेवढे नियमाला पुरले.

सुरुवातीला मला त्या घरात नीट झोप लागत नसे. उजाडायच्या आधी मामींचं दार वाजायचं. इतक्या वर्षांची धारेची वेळ. त्या चरवी हातात घेऊन बाहेर यायच्या, दोन पावलं टाकायच्या आणि थांबायच्या. मग चरवी तशीच घेऊन आत जायच्या. मी खिडकीतून बघायची आणि मला अपराधी वाटायचं. एके दिवशी मी उठून चूल पेटवली, चहा केला आणि त्या बाहेर आल्या तेव्हा ओट्यावरूनच हाक मारली. त्या आल्या, चरवी खाली ठेवली, चहा घेतला. मला म्हणाल्या, तुमच्या चहात साखर लई. दुसऱ्या दिवशी त्या चरवीशिवाय आल्या. पुढची अनेक वर्षं आमचा दिवस त्या ओट्यावर सुरू झाला.

माघात विंझरहून पत्र आलं की गाय पंधरवड्यात व्यायची आहे. मामींनी ते तीन वेळा वाचून घेतलं आणि त्या दुसऱ्याच दिवशी निघाल्या, मामांसाठीही थांबल्या नाहीत. चार दिवसांनी परत आल्या त्या कालवड झाल्याची बातमी आणि झाकणाच्या डब्यात माझ्यासाठी खरवस घेऊन. प्रवासात त्याला थोडा वास आला होता. मी तो सगळा खाल्ला.

मामा त्या घरात पुढे पाच वर्षं होते. शेवटच्या दुखण्यात मी आणि मामी आळीपाळीने बसायचो, आणि लेकीला निरोप वेळेत पोचला. मामा गेल्यावर मामी स्वयंपाक माझ्या चुलीवर करायला लागल्या. म्हणजे त्यांची भाकरी त्यांच्या तव्यावर, माझा भात माझ्या पातेल्यात, पण चूल एक. वस्तीत काही दिवस कुजबुज झाली, मग बायका जाता-येता ओट्यावर टेकू लागल्या. कुणाला पत्र वाचून हवं असे, कुणाला अर्ज लिहून. दरम्यान कुटुंबं वाढली आणि नगरपालिकेने गुरांची ती अट सैल केली, गोठे मागच्या ओढ्याकाठी एकत्र बांधायला जागा दिली. आमच्या घरांच्या ओळीतल्या कितीतरी विभागण्यांचे अर्ज माझ्या हातचे आहेत. प्रत्येकाला मी आधी विचारायची, रस्ता कुठून काढणार, आणि तुमच्या घरात या कागदामुळे कुणाचं काय जाणार आहे ते बघितलंत का.

एका जूनमध्ये मामांचा पुतण्या आला. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या तेलाने चप्प बसवलेल्या. तो बोळातच उभा राहिला, आत येईना. हिर्डोशीला मुलींची शाळा नाही, आणि पोरगीला शिकायचं आहे, एवढं त्याने सांगितलं. मामी म्हणाल्या, "मला काय विचारतो? बाईंना विचार."

तो मला विचारायला कचरत होता. मीच म्हटलं की उद्यापासून पाठवा, आणि राहील ती मामींजवळ, पुढच्या घरात. त्याने खाली वाकून हद्दीच्या दगडावरची माती उगाच हाताने झाडली. मग मुलीचं बोचकं माझ्या ओट्यावर आणून ठेवलं आणि चहा न घेताच निघाला. मामींनी त्याला परत बोलावून चहा पाजला.

ती मुलगी चौथी होऊन हिर्डोशीला परत गेली. तिच्यामागून तिची धाकटी बहीण आली.