सगळ्या बायका माहेरी

मुकादमाचा टेम्पो वाडीवर येऊन उभा राहिला, तेव्हा वाडीत एकही बायको नव्हती. नवरे तेवढे बोचकी बांधून बसले होते.

मुकादम म्हणजे कोळसाभट्टीला मजूर गोळा करून देणारा. भट्टीवर एकटा माणूस घेत नाहीत, जोडी घेतात. नवऱ्याने लाकूड तोडायचं, बायकोने वाहायचं. आधी नवऱ्याला आगाऊ पैशांची उचल द्यायची, मग जोडीला परमुलखात नेऊन कोंडायचं. गेल्या वर्षी सुमन आणि तिचा नवरा असेच अडकले. आमच्या संस्थेने सोडवून आणले. यंदा वाडीतल्या बाकी नवऱ्यांबरोबर सुमनच्या नवऱ्यानेही पुन्हा उचल घेतली, आणि मुकादमाला त्या दोघांची पोरगीही हवी होती.

मी लेबर ऑफिसच्या साहेबांना आधीच गाठलं होतं. ते म्हणाले, "मावशी, राजीखुशीने जातो म्हणतील. जबरदस्ती दिसली पाहिजे."

"दाखवते. तुम्ही पोलीस घेऊन निडीच्या रेल्वे स्टेशनवर बसा. साध्या कपड्यांत."

मुकादम मला वाडीतली म्हातारी समजला. मी समजू दिलं.

"बाया कुठं गेल्या?"

"माहेरी."

"सगळ्या?"

"भांडणं झाली."

"सगळ्यांची?"

"नवरे सगळ्यांनाच हायत."

तो नवऱ्यांवर खेकसला. त्यांना बिचाऱ्यांना खरंच काही माहीत नव्हतं.

"गाडी यायची हाय अजून," मी म्हटलं. "निडीला गाठशील." त्याने नवऱ्यांना बोचक्यांसकट मागे चढवलं, आणि मी वाट दाखवायला पुढच्या सीटवर जाऊन बसले.

बायका स्टेशनबाहेर शेंगा खात बसल्या होत्या. शेजारी बाकावर दोन पुरुष. मुकादम थेट सुमनवर धावला.

"चल, टेम्पोत बस."

"नाय येत. गेल्या वर्षी कोंडलंस तेवढं बास."

"यंदाबी कोंडीन. मोबाईल काढून घेईन, पोरीला मालकाच्या घरी ठेवीन. मग बघू कशी पळतेस."

बाकावरचे साहेब उठले. "पोरीचं काय म्हणालात? पुन्हा बोला."

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. मी शेंगा सोलत होते.

गुन्हा दाखल झाला. असली उचल कायद्याने फेडावी लागत नाही, हे साहेबांनी नवऱ्यांना तिथंच सांगितलं. पण बायका पुढच्या गाडीने खरंच माहेरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुमनचा नवरा माझ्याकडे आला. "मावशी, मुकादम तर आत गेला. आता बाया कधी येणार?"

"उचल घेताना सुमनला विचारलं होतंस?"

"नाय."

"मग आता जाऊन विचार."

भट्टीला जोडी लागते, तर दोघांना विचारावं. एवढं केलं असतं तर मला त्या टेम्पोत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागली नसती.