लेकीच्या डोळ्यातला लाल डाग

लेक बाळंत होऊन घरी आली, तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात कुंकू सांडल्यासारखा लाल डाग होता. कळा देताना बारीकशी रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नजरेला धोका नाही, फक्त चोळू नका. दोनेक आठवड्यांत आपोआप विरेल.

विरेल, याचं मला जरा वाईटच वाटतं. बाळाचं नाक कुणावर गेलंय हे सगळे बघतात, पण तिने लावलेला जोर त्या डागाशिवाय दिसतो कुठे?

काल शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. “अगं बाई, डोळे आले की काय तुझे?”

लेक बाळाला छातीशी धरून ताठ बसली.

“डोळे नाही आले, काकू. बाळ आलं.”