निसारचा जांभळा कागद

रोह्याजवळच्या वरसेहून फोन आला तेव्हा मी पेणला घरीच होतो. शेजारी म्हणाले, "निसारभाई गेले. पोरगा दुबईला हाय, मातीला पोचायचा नाय. तुम्ही तरी या..." गेलो. माणसं मोजकी होती.

माझा मित्र निसार मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. पोलादी भांड्यातली हवा काढून तिथे अंतराळ तयार करायचे. आत पाणी, अमोनिया, मिथेनॉलची वाफ थंडगार पट्टीवर गोठवायची आणि त्या बर्फावर अतिनील प्रकाश सोडायचा. जीवसृष्टीचा कच्चा माल अंतराळातच तयार झाला का, हा प्रश्न. उरलेल्या चिकट अंशाचा थेंब कागदावर टाकून फवारा मारायचा. अमिनो आम्ल असेल तर डाग जांभळा होतो. सुट्टीला तो रोह्याला आला की मी विचारायचो, "सापडला का जीव?" तो म्हणायचा, "जीव नाय रे पत्रकारा, जिवाचं सामान शोधतोय."

एकदा डाग जांभळा झाला. शोधनिबंधात पहिल्यांदाच त्याचं नाव जाणार होतं. मी बातमी लिहून दिली. पान छपाईला जायच्या आधी त्याचा फोन आला. "बातमी काढून टाक. भिंगाखाली रेषा दिसतायत. तो माझा अंगठा हाय, घामातपण अमिनो आम्ल असतं. थेंब टाकताना फोन आला, ग्लोव्ह काढला, तसाच कागद धरला."

"तुझ्या सरांना सांगितलंस?"

"व्हय. आधी त्यांना, मग तुला."

"कोणाला कळलं नसतं, निसार."

"मला कळलं ना..."

थेंब टाकताना आलेला तो फोन माझा होता. बातमी कधी देतोस, म्हणून मीच केला होता. ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

पुढे तो निवृत्त होईपर्यंत डाग जांभळा झाला नाही. बायको गेल्यावर तो वरसेला एकटा राहिला. नातवाचा फोटोही कडेने धरायचा, हात पाठीमागे बांधून चालायचा. गल्लीत थट्टा व्हायची, "भाई हात मिळवत नाय, सायब झाले." पेणहून रोहा लांब नाही. मी न जायची कारणं देत राहिलो...

निसारचा मुलगा दुबईहून आला तेव्हा त्याने माझं नाव घातलेलं पाकीट दिलं. आत तो कागद. जांभळा रंग तपकिरीकडे झुकलाय, पण भिंग धरलं की रेषा दिसतात. त्यावर अंगठा टेकवावासा वाटतो. पण कागदात फवारा अजून मुरलेला असेल, माझाही ठसा उठेल. म्हणून कडेने धरतो, बघतो आणि पाकिटात परत ठेवतो.