सलीमभाऊंचा चष्मा

सिलेक्शन झालं!
राज्याच्या टीममध्ये!!

आणि पहिला फोन ज्यांना करायचा, ते सलीमभाऊ मागच्या वर्षी आजच्याच दिवशी गेले.

सलीमभाऊ म्हणजे ऊर्जानगरला फ्रीज-एसी दुरुस्त करणारे. आयुष्यात एक गोळी झाडली नाही, पण आमच्या क्लबच्या सगळ्या एअर रायफलींचे डॉक्टर तेच.

क्लबमध्ये आमची पैज लागायची. रायफलचा सिलेंडर हातपंपाने एका दमात कोण भरतो? मीच जिंकायचे. केवढा माज होता मला!

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात ट्रायल होती. माझे शॉट्स कुठल्या कुठे! सिलेक्शन गेलं. घरी येऊन म्हटलं, विकून टाका ती रायफल.
पप्पांनी ती उचलून सलीमभाऊंकडे नेली. मी रुसून मागे मागे.

भाऊंनी सगळी हवा सोडली, सिलेंडर उघडून तळहातावर उलटा केला.
चार थेंब पाणी.

"काऊन वो पोरी, बंदुकीले पानी पाजून राह्यली का?"

"मी फक्त हवा भरली, भाऊ!"

"घाईत भरली ना? पंप तापला का वाफ आत जाते, अन् थंड झाली का तिचं पानी होते. पानी आलं का हवेचा जोर चुकते अन् गोळी भरकटते. पन्नास झटके मार, व्हॉल्व्ह खोल, ओल बाहेर फेक. पंपाले थंड होऊ दे. मंग पुढचे पन्नास."

"लई टाइम लागते, भाऊ."

"मंग लागू दे ना! तुले कुठी बस पकडाची हाय?"

त्यानंतर दर वेळी हवा भरताना शेवटी ते डोळ्यावरचा चष्मा काढायचे आणि पंपाची हवा काचेवर मारायचे. काच जराशी जरी धुरकटली, तरी "पुन्हा पहिल्यापासून!"
मी पाय आपटायचे. ते चहा मागवायचे.

ते गेल्यावर त्यांच्या बायकोने, चाचींनी, तो चष्मा माझ्या हातात ठेवला. "तेरेही काम का है, बेटा."

आज मॅचला बाहेर पाऊस. सगळे वॉर्मअप करतायत आणि मी व्हरांड्यात. पन्नास झटके, थांबा. पन्नास झटके, थांबा.
कोच ओरडले, "अगं, आवर!"
म्हटलं, "सर, मला कुठे बस पकडायची आहे?"

मग बॅगेतून भाऊंचा चष्मा काढला, काचेवर हवा मारली.
काच लख्ख!!

आणि काय शॉट्स पडले, भाऊ! एकामागून एक, मधोमध! तुम्ही पाहायला हवे होतात.

रिझल्ट लागल्यावर चष्मा हातात घेऊन इतकी रडले की दोन्ही काचा ओल्या झाल्या.

आता ओरडा ना, भाऊ. म्हणा ना, "पुन्हा पहिल्यापासून."

तुमच्या पोरीचा सलाम.