निळ्या दोऱ्याची बाटली

जयपुरात सोडाल्याच्या बाजारात देवराम शिंगटे यांचं औषधांचं दुकान आहे. सकाळी आठला त्यांची विक्री सुरू झाली नाही असा एकही दिवस नाही, असं तिथे सगळे सांगतात. दुकानाला आज बारा वर्षं झाली. त्यातली नऊ मी स्वतः पाहिली आहेत, कारण माझ्या मुलीला, रमाला, रोज सकाळी खाण्याआधी इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं आणि ती बाटली मी तिथूनच आणते.

देवरामभाऊ सातारा जिल्ह्यातले. फौजेत जखमींच्या मलमपट्टीच्या कामावर होते, हवालदार म्हणून जयपूरच्या छावणीतून निवृत्त झाले आणि गावी परत न जाता इथेच राहिले. फौजेतल्या अनुभवावर त्यांना औषधं देण्याचा परवाना मिळाला. त्यांच्या पत्नी भागुबाई दुकानातच मागच्या बाजूला स्वयंपाक करतात. मूलबाळ नाही. भाऊ उंचीने कमी, आवाज त्याहून कमी. गिऱ्हाइकाशी ते जेवढ्यास तेवढं बोलतात आणि प्रत्येकाला सुट्टे पैसे दोनदा मोजायला लावतात.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या तुकडीचा औषधांचा ट्रक बाडमेरच्या वाळूत रुतला होता. सगळं औषध त्या एकाच ट्रकात होतं. दीड दिवस ट्रक हलला नाही. त्या दीड दिवसात काय झालं ते भाऊंनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की तेव्हापासून मी कुठलीही वस्तू एका जागी ठेवत नाही.

आणि खरोखरच ठेवत नसत. दुकानाची दुसरी किल्ली शेजारच्या शिंप्याकडे होती. कुठल्या पेशंटला काय लागतं त्याची वही दोन प्रतींत होती, एक गल्ल्यात आणि एक भागुबाईंच्या ट्रंकेत. वीज गेली तर फ्रिजमधली औषधं हलवायला ओल्या वाळूत पुरलेले दोन माठ होते, बर्फाच्या कारखान्यातल्या मुकादमाशी बोलून ठेवलेलं होतं. दुकानात पाणी शिरलं, आग लागली, बाजार बंद झाला, तर कुठल्या चौकात हातगाडी लावून विक्री सुरू करायची हेही ठरलेलं होतं. एवढंच नव्हे, वर्षातून एकदा ते खरोखरच दुकान बंद ठेवून एक दिवस हातगाडीवरून औषधं विकत. समोरचा मिठाईवाला त्या दिवशी मुद्दाम बाहेर येऊन उभा राहायचा.

"फौजीसाहेब, पाकिस्तान सोडाल्याला कधी पोचतंय? कचोऱ्या जास्तीच्या तळून ठेवतो."

"तुझ्या तेलाचा वास सरहद्दीपर्यंत गेला तर उद्याच येईल," भाऊ गाडी ढकलत म्हणायचे.

आम्ही जयपूरला आलो ते एकोणऐंशीच्या शेवटी. हे विमा कंपनीत अधिकारी, दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. जयपूरला मात्र रमाच्या दुखण्यामुळे अर्ज करकरून राहिलो. रमा तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिला मधुमेह आहे हे कळून जेमतेम आठ महिने झाले होते. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. लघवीचे थेंब निळ्या द्रावणात घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे आणि रंग बघायचा, हे मला अवघड नव्हतं. निळा राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा, विटकरी, असं जसजसं पुढे जाईल तसतशी साखर जास्त. दिवसातून चार वेळा मी तो रंग बघायची. बाकी दिवसभर मी काय करत होते ते मला आठवत नाही.

भाऊंकडे इन्सुलिनवर असलेली बारा घरं होती. त्यांची त्यांनी एक योजना केली होती. प्रत्येक घराची एक जादा बाटली दुसऱ्याच घरात ठेवायची. जोडी लावताना एक घर उंचावरचं आणि एक उतारावरचं घ्यायचं. उतारावर पाणी भरलं तर बाटली उंचावर शिल्लक. उंचावर दुसरं काही झालं तर उतारावर शिल्लक. प्रत्येक घराचा दोऱ्याचा रंग वेगळा, तो बाटलीच्या गळ्याला बांधलेला. आमचा लाल. आमची जोडी सुखदेवच्या घराशी होती.

सुखदेव मूळचा बगरूचा, कापडावर ठसे मारणाऱ्या घरातला. नाल्याच्या बाजूला वस्तीत राहायचा आणि शहरातल्या एका छपाईखान्यात कामाला होता. त्याची मुलगी द्वारका अकरा वर्षांची. तिच्या बाटलीला निळा दोरा. ती बाटली आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, स्वयंपाकघरातल्या छोट्या माठात होती.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. रमाचं औषध चाळीसच्या ताकदीचं होतं, द्वारकाचं ऐंशीच्या. दिसायला बाटल्या सारख्याच. एकीचं औषध दुसरीला त्याच मापाने टोचलं तर जिवावर बेतेल. सुखदेवला वाचता येत नव्हतं. म्हणून भाऊंनी त्याला बजावून सांगितलं होतं, की निळा दोरा नसेल ती बाटली काही झालं तरी उघडायची नाही. मला त्यांनी असं काही सांगितलं नाही. निम्मं घ्यायचं की दुप्पट, हा हिशेब मला येतो हे त्यांना माहीत होतं.

एक्याऐंशीच्या जुलैत एका शनिवारी पाऊस लागला. जयपूरमध्ये लोक पावसाची वाट बघत असतात, त्यामुळे दुपारपर्यंत गच्च्यांवर मुलं नाचत होती. रविवारी सकाळी खाली रस्ता दिसत नव्हता. वीज गेली होती. नळ बंद होता. हे कोट्याला कामासाठी गेले होते. तळमजल्यावरची माणसं आमच्या जिन्यात येऊन बसली होती आणि कुणीतरी ट्रान्झिस्टरवरून ऐकून सांगितलं की अजून पाऊस आहे. मी रमाची चालू बाटली उजेडात धरून बघितली. चार दिवसांचं औषध होतं.

दुपारी सुखदेव आला. छातीपर्यंत भिजलेला. त्याची खोली गेली होती. द्वारकाला आणि बायकोला त्याने शाळेच्या इमारतीत नेऊन बसवलं होतं, पण घरातली बाटली वाहून गेली होती. सकाळचं इंजेक्शन चुकलं होतं. त्याने हे सगळं शांतपणे सांगितलं. त्यात घाबरण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं, कारण असं झालं तर कुठे जायचं ते ठरलेलं होतं आणि तो तिथे आला होता.

मी म्हटलं, "बाटली फुटली."

त्याने काही विचारलं नाही. मीच सांगत राहिले, की अंधारात माठ काढताना हातातून पडली, काचा होत्या त्या टाकून दिल्या. तो ऐकत होता. मग त्याने डोक्यावरचा साफा सोडायला घेतला. साफ्याच्या आतल्या घडीत, मेणकापडात गुंडाळलेली एक बाटली होती. लाल दोऱ्याची. घर वाहून जाताना त्याने ती काढून घेतली होती.

"यह आपकी है, बहनजी," तो म्हणाला.

मी ती घेतली. माठ माझ्यापासून पाच पावलांवर होता. आता माझ्याकडे चार दिवसांचं औषध नव्हतं, महिन्याभराचं होतं आणि शिवाय निळ्या दोऱ्याची बाटली होती. मला एवढंच म्हणायचं होतं की थांबा. तो जिना उतरून पाण्यात शिरला. जिन्यातल्या लोकांनी त्याला जागा करून दिली. मी दार लावलं आणि रमाला खिचडी दिली.

निळ्या दोऱ्याची बाटली मी माठातून काढली आणि तांदळाच्या डब्यात ठेवली. का, ते माहीत नाही. बघायला कोणी येणार नव्हतं.

भाऊंचं दुकान दुसऱ्या फळीपर्यंत बुडालं होतं. सोमवारी सकाळी आठला ते ठरल्या चौकात हातगाडी लावून उभे होते, वर ताडपत्री, शेजारी भागुबाई वही घेऊन. बारा घरांपैकी नऊ घरांची खबर त्यांनी दुपारपर्यंत मिळवली. सुखदेव मंगळवारी सकाळी तिथे पोचला. मधल्या वेळात तो बंद दुकानापर्यंत जाऊन आला होता, वाटेत पाण्याच्या ओढीत एका झाडाला धरून अडकून पडला होता. हातगाडीचा चौक त्याला कळेपर्यंत दोन दिवस गेले होते. भाऊंनी छावणीतल्या ओळखीवर फौजेची गाडी मिळवली आणि द्वारकाला मोठ्या इस्पितळात नेलं. ती तेव्हा हाकेला ओ देत नव्हती.

द्वारका वाचली. इस्पितळातून घरी यायला तिला एकवीस दिवस लागले. मात्र पुढे ती बोलताना शब्द शोधायला लागली. पाचवीत होती, ती शाळा मग झाली नाही.

आमच्याकडे बुधवारी वीज आली.

पंधरा दिवसांनी भाऊ आले. बाराही घरं ते वही घेऊन फिरत होते, कुठे काय शिल्लक राहिलं, काय चुकलं ते लिहून घेत होते. फुटलेल्या बाटलीचं पत्र्याचं झाकण जपून ठेवायचं आणि त्यांना परत द्यायचं असा त्यांचा नियम होता. त्यांनी झाकण मागितलं. मी आत गेले, तांदळात हात घातला आणि बाटली आणून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी ती उजेडात धरली. भरलेली होती. गळ्याचा दोरा तसाच होता. तांदळाचा एक दाणा दोऱ्यात अडकला होता, तो त्यांनी नखाने काढला. मी चहा ठेवला होता, तो उतू गेला. त्यांनी उरलेला घेतला.

"वैनी, चूक माझी हाय," ते म्हणाले.

"फौजेत पुढच्या चौकीनं गोळ्या मागितल्या की मागची देती. मला वाटलं, घरंबी तशीच. पाणी बघितलं, वीज बघितली, रस्ता बघितला. ज्या घरात लेकरू त्याच औषधावर हाय, त्या घरी दुसऱ्याचं औषध ठेवायचं नसतं, मतलब, हे मला सुचायला पायजे होतं. आणि त्या सुखदेवला मी दोऱ्यापलीकडं काहीच शिकवलं नाही. लाल बाटली त्याच्या डोक्यावर होती. निम्म्या ताकदीची हाय, दुप्पट माप घे, एवढं चित्र काढून दिलं असतं तर पोरगी शाळेत असती."

त्यांनी मला बोल लावला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. ते उठताना मी विचारलं, सुखदेवला सांगणार का.

"ते तुमचं तुम्ही बघा. दुकान त्यात पडणार न्हाई."

त्या महिन्यातच योजना बदलली. जादा बाटल्या आता शिंप्याकडे, देवळाच्या पुजाऱ्याकडे, एका शाळामास्तरांकडे असतात, म्हणजे ज्यांच्या घरी ते औषध कुणालाच लागत नाही अशांकडे. प्रत्येक बाटलीबरोबर एक पुठ्ठा असतो, त्यावर दोन्ही ताकदींच्या मापाची चित्रं. हातगाडीचा चौक प्रत्येकाला आधीच दाखवून ठेवला जातो. मधल्या काळात एकदा संचारबंदी झाली, एकदा मालमोटारींचा संप झाला. कुणाचं एक इंजेक्शन चुकलं नाही. विद्याधर नगरात घरं उठायला लागली तेव्हा तिथल्या तीन कुटुंबांसाठीही भाऊंनी एक जागा लावून दिली. मिठाईवाल्याच्या फ्रिजमध्येही आता दोन बाटल्या असतात. तो अजून कचोरीवरून बोलतो.

सुखदेव दर महिन्याला दुकानात भेटत राहिला. भेटला की हात जोडायचा, रमाची चौकशी करायचा. मीही द्वारकाची करायची. सात वर्षं.

गेल्या महिन्यात औषधविक्रेत्यांच्या संघटनेने भाऊंना बोलावलं. संकटात दुकान चालू कसं ठेवावं, त्याची त्यांची पद्धत इतरांना समजावून सांगायची होती. भाऊ म्हणाले, मला बोलता येत नाही, मी नियम वाचून दाखवीन. नेहमीच्या दोन घरांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडे सुखदेव होता. मधल्या खुर्चीवर त्याची पिशवी होती.

भाऊ चष्मा लावून एकेक नियम हिंदीतून वाचत होते. सातवा नियम होता, ज्या घरात जे औषध लागतं त्या घरी दुसऱ्याचं तेच औषध ठेवू नये. मागून एका दुकानदाराने विचारलं, असं का, त्याच घराला तर त्याची किंमत कळेल.

भाऊंनी वहीतून वर बघितलं नाही. "इक्यासी में मैंने जोड़ी ग़लत लगाई थी," ते म्हणाले आणि पान उलटलं.

सुखदेवने मान हलवली. मग माझ्याकडे थोडं वाकून म्हणाला, त्याच साली तुमच्याकडे बाटली फुटली होती ना, बहनजी. काही मनात ठेवून नव्हे. साल आठवलं म्हणून.

मी म्हटलं, "फूटी नहीं थी, सुखदेवजी."

भाऊ आठवा नियम वाचत होते. सुखदेव समोर बघत राहिला. नववा झाला, दहावा झाला. टाळ्या झाल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या. मग त्याने मधल्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाने बाहेर गेला. हात जोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दुकान उघडं होतं. माझ्यापुढे तिघं होते, त्यात सुखदेव होता. त्याने निळ्या दोऱ्याची बाटली घेतली, झाकण तपासलं आणि माझ्या बाजूने न बघता निघून गेला. भाऊंनी त्याच्या नावापुढे खूण केली. मग मला लाल दोऱ्याची दिली आणि माझ्या नावापुढे केली.