शेजारच्या खोलीतला कापूस

आईचा दमा जुनाच. पण सत्तरीनंतर दम्याच्या आधी त्याची भीती यायला लागली. ती आडवी पडेना, पाठीशी उशा रचून बसल्या बसल्याच झोपायची. लग्नाला, कुणी वारलं तर दारावर जाणं तिनं सोडलं. न्हाणीचं दार आतून लावायची नाही. मी बाहेर राखणीला बसायचो आणि मनातून चिडायचो.

त्या साली भाव पडला, म्हणून पारोळ्याच्या घरात कापूस भरला. आमच्याकडे सगळेच भरतात. आईच्या शेजारची खोली आढ्यापर्यंत भरली. मधलं दार लावलं की झालं, असं मी धरून चाललो. आठवड्यात तिच्या पांघरुणावर कापसाची बारीक तूस दिसायला लागली. कापूस विकून टाक, असं ती दोनदा म्हणाली. मी थांब म्हणालो.

धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर, धूळ, कापूस काही आहे का. मी नाही म्हणालो. आदल्याच दिवशी भाव पटला नाही म्हणून कापसाच्या व्यापाऱ्याला परत पाठवलं होतं. आईच्या तोंडावर वाफेचा मास्क होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. डॉक्टर म्हणाले, त्या फार घाबरतात, धीर देत जा. मी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. पुढे ती धापा टाकायला लागली, की म्हणायचो, "तुझं मनाचं आहे."

एका दुपारीही तेच म्हणालो. दम्याचा पंप मारून झाला होता आणि तिची नखं निळी पडत होती. तेव्हा कुठे गाडी काढली. वाटेत तिच्या छातीतली शिट्टी थांबली. उतार पडला समजून मी गाडीचा वेग कमी केला. दवाखान्यात कळलं, आवाज करण्याइतकी हवाच आत जात नव्हती.

डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. या खेपेला मी खरं सांगितलं.

ती वाचली. कापूस त्याच आठवड्यात विकला. घरी आणल्यावर तिच्याजवळ बसून म्हणालो, मी खोटं बोललो होतो, तुझं मनाचं नव्हतं.

"माले माहीत शे."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलाले बी दम लागस, भाऊ."

आता कसं वाटतं विचारलं, की ती लगेच "बरं शे" म्हणते. ती खरं सांगते, की माझ्या चिडण्याला भिऊन सांगते, हे मला ओळखता येत नाही. म्हणून मी दाराशी उभा राहून तिचा श्वास ऐकतो.