चौथ्या फडाचं पाणी

“सरासरी पानी कोनता सालमा येस, ताई?”

पाटकरी नानांनी माझा तक्ता उलटसुलट पाहून परत दिला. आम्ही पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर उभे होतो. मी धुळ्याच्या ऑफिसातून आले होते. पुढच्या काही दशकांत या बंधाऱ्याला किती पाणी मिळेल, याचा अंदाज काढणं हे माझं काम. त्यावर पाटाची दुरुस्ती ठरणार होती.

बंधाऱ्याखालची जमीन चार फडांत वाटलेली आहे. एका फडात एकच पीक. प्रत्येक घराचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की अख्खा एक फड कोरडा ठेवतात. तोटा सगळ्यांना सारखा. पाणी कोणत्या फडाला सोडायचं ते पाटकरी सांगतो.

चौथा फड बरीच वर्षं कोरडा होता. तिथला पाट फुटला होता. नाना ऐन तारुण्यात त्या फडातल्या गव्हाला पाणी द्यायचे. “एक डाव त्या फडमा गहू देखना शे,” ते म्हणाले. “मंग कोनलेबी द्या पाटकरीपन.”

माझ्या तक्त्यानुसार ते शक्य होतं. हवामानाच्या मॉडेलमध्ये वर्षाचा एकूण पाऊस फारसा घटत नव्हता. सरासरी पाणी चार फडांना पुरत होतं.

नानांच्या प्रश्नानं मी ऑफिसात परतून एकेक वर्ष सुटं केलं. पाऊस तेवढाच, पण थोड्या दिवसांत कोसळणारा. पूर बंधाऱ्यावरून निघून जातो. रब्बी मात्र पावसाळ्यानंतर जमिनीतून झिरपत नदीत येणाऱ्या पाण्यावर चालते. त्याला आम्ही बेस फ्लो म्हणतो. तो घटत होता. काही वर्षं चार फडांची, बरीचशी तीनची, काही दोनचीच. सरासरीचं वर्ष जवळजवळ नव्हतंच.

साहेबांनी नवे तक्ते पाहिले.

“मॅडम, सरासरी पुरते ना? चार लिहा. पाट मंजूर होईल, गावही खूश.”

“चार लिहिलं तर दर वर्षी चार पेरतील, सर. मार्चमध्ये चारही वाळतील.”

“मग तीन लिहा.”

“मग चौथ्याचा पाट कधीच होणार नाही. चांगल्या वर्षाचं पाणी वाहून जाईल.”

“रिपोर्टला एक आकडा लागतो हो!”

“खूण चालेल?”

जुन्या नोंदींवरून एक गोष्ट दिसत होती. दिवाळीला बंधाऱ्याच्या माथ्यावरून किती जाड पाणी वाहतं, यावरून उरलेल्या हंगामाचा अंदाज येतो. चार फडांना पुरेल एवढ्या पाण्याची उंची मी काढली. पाणी खुणेला लागलं तर चार फड, नाही तर तीन, माथ्याखाली गेलं तर दोन. साहेबांनी कुरकुरत सही केली. चौथ्या फडाचा पाट दुरुस्त झाला. खूण बाजूच्या भिंतीच्या दगडात कोरली.

“खुणेला पाणी लागणारी वर्षं कमी होत जातील, नाना,” मी सांगितलं. “पण येतील.”

“माले एखादं दिखी का?”

“मॉडेल साल सांगत नाही.”

“मंग तुमना कॉम्प्युटर आनि मी सारखाच!” ते हसले.

पहिल्या दिवाळीला पाणी खुणेच्या बरंच खाली होतं. दुसऱ्या वर्षी नुसतं माथ्यावरून झिरपत होतं. तिसऱ्या वर्षी मी मुद्दाम गेले. सगळं गाव बंधाऱ्यावर. पाणी खुणेच्या चार बोटं खाली.

“नाना, चार बोट ते शे! सोडा ना,” एक जण म्हणाला. “तुमना गहू व्हई जाई.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. चार बोटांना कोणी, मीसुद्धा, हरकत घेतली नसती.

नानांनी एकदा चौथ्या फडाकडे पाहिलं. मग त्याच्या पाटाच्या दाराला कुलूप घातलं.

“माले चार पाहिजे. पानी तीननं शे.”

त्या वर्षी मार्चमध्ये तीन फडांतल्या गव्हाला शेवटचं पाणी जेमतेम पुरलं. चौथ्यात गुरं चरली.

मॉडेलमध्ये आम्ही पाऊस, उष्णता, बाष्पीभवन, सगळं धरलं होतं. खुणेजवळ उभं राहून स्वतःलाच नाही म्हणणारा माणूस कुठेच धरलेला नव्हता. रिपोर्ट मात्र त्याच्यावरच चालतो. नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत. खुणेला अजून पाणी लागलेलं नाही.